भरतीच्या पोरांचं ताट : नागपुरातल्या एका मेसमधल्या प्रकल्प नोंदी

मानेवाड्याकडच्या एका मैदानावर मी पोलीस भरतीच्या पोरांकडून धावणं आणि गोळाफेक करवून घेतो. पोरं भंडारा, गोंदिया, काटोल, उमरेड, हिंगणघाट अशी ठिकठिकाणची. तिघं-चौघं मिळून खोली करतात आणि जवळच्याच एका काकूंच्या मेसमध्ये जेवतात. धावण्यात बहुतेक जण बरे असतात. अडतं ते गोळ्यापाशी. ७.२६० किलोचा गोळा फेकायला मांड्या, पाठ, खांदे लागतात आणि नेमके तेच या पोरांकडे नसतात. त्यांच्या अंगावर स्नायू चढावेत म्हणून मेसच्या जेवणात काय बदललं, काय फसलं, खर्च किती आला, ते इथे तारखेप्रमाणे लिहिलं आहे. दुसऱ्या कुठल्या गावात कुणाला हेच करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ त्यांचा वाचावा.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी आटोपून पोरं परतली. सकाळी उपाशीपोटी सगळ्यांचं वजन घेतलं, मांडी आणि दंडाचा घेर घेतला, गोळ्याच्या तीन फेकींतली सर्वांत लांबची लिहून ठेवली. टेप दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे, म्हणून गुडघ्याच्या वाटीपासून वर २० सेंटिमीटर मोजून तिथे खूण करतो. बोटभर वर-खाली झालं तरी मांडीचा घेर सेंटिमीटरने बदलतो आणि मग वाढ खरी की टेपची, ते कळत नाही.

बहुतेकांचं वजन ५६ किलोच्या आसपास.

दोन खोल्यांत प्रथिनांच्या पावडरचे डबे निघाले. एक किलोचा डबा २,४०० रुपयांचा, चौघांत मिळून घेतलेला. हिशेब केला तर महिन्याला माणशी पाव किलो, म्हणजे रोजची सहा ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात तेवढी असतात. पावडर वाईट नसते, ती दुधातूनच निघते आणि पचतेही चांगली. पण ज्या पोराचा बाप मेसचे पैसे उधारीवर पाठवतो, त्याने एका अंड्यासाठी महिन्याला ६०० रुपये देऊ नयेत.

११ नोव्हेंबर

छोटा डिजिटल वजनकाटा आणला, ३५० रुपये. या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी वस्तू तीच.

काकूंच्या स्वयंपाकघरात सकाळपासून उभा राहिलो. बावीस जणांच्या वरणाला तुरीची डाळ पडली ३५० ग्रॅम. माणशी १६ ग्रॅम, म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रथिनं. पोरं सांगत होती, "सर, रोज दोन वाट्या वरण खातो." ते खरंच होतं. वाट्या दोन होत्या, डाळ नव्हती.

त्यातही गंमत अशी की गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, डाळ खाली बसते आणि वर पिवळं पाणी राहतं. काकू वरून वरून डावाने वाढत होत्या. पहिल्या पंगतीला बसणाऱ्यांना हळदीचं पाणी आणि सर्वांत शेवटी, क्लासवरून उशिरा येणाऱ्या दोघांना तळाची घट्ट डाळ. त्या दोघांना आपण काय खातोय याचा पत्ता नव्हता आणि पहिल्या पंगतीलाही नव्हता.

दिवसाचा हिशेब असा निघाला. सकाळी टपरीवरचे तर्री-पोहे, पाच-सहा ग्रॅम. दुपारी चार पोळ्यांचे १३, भाताचे साडेचार, वरणाचे साडेतीन, भाजीचे दोन-अडीच, मिळून २४. रात्री पुन्हा तेवढेच. एकूण ५४ ग्रॅम.

हा आकडा उपासमारीचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०च्या शिफारशींत निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ५६ किलोला ४६ ग्रॅम झाले. म्हणजे नुसतं जगायला, झीज भरायला मेसचं जेवण पुरत होतं. वजन उचलून स्नायू वाढवायचे असतील तर मात्र १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे तो जवळजवळ थांबतो. ५६ किलोला ९० ग्रॅम. तूट ३६ ग्रॅमची, आणि आहे त्यातलं निम्म्याहून जास्त पोळी-भाताचं.

१४ नोव्हेंबर

इतवारीच्या बाजारात जाऊन भाव काढले. १० ग्रॅम प्रथिनं कशातून किती रुपयांना पडतात, तेवढंच बघितलं. सोयाबीन वडी दोन रुपये. चणाडाळ साडेचार. फुटाणे पाच. शेंगदाणे पाच रुपयांच्या थोडं वर. तूरडाळ सात. अंडी दहा. दूध आणि पनीर वीस-वीस. पावडर बत्तीस.

हे सगळे १० ग्रॅम सारखे नाहीत, हे खरं. अंड्या-दुधातली प्रथिनं जवळजवळ पूर्ण पचतात आणि शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते सुटे तुकडे, त्यांत भरपूर असतात. पण सोया त्यांच्या बऱ्यापैकी जवळ जातं आणि पाचपट स्वस्त आहे. दूध यादीतून काढलं. ज्याला परवडतं त्याने आपलं घ्यावं.

ठरलं ते असं. सकाळच्या सरावानंतर दोन उकडलेली अंडी आणि ४० ग्रॅम फुटाणे. दुपारी माणशी ४० ग्रॅम कच्च्या डाळीचं वरण. संध्याकाळी मैदानावर ३० ग्रॅम शेंगदाणे आणि गुळाचा खडा. रात्री ३० ग्रॅम सोयाबीन वडीची भाजी. अनुक्रमे २१, २९, साडेसात आणि ३३ ग्रॅम. बेरीज नव्वदच्या घरात.

वाढीव खर्च माणशी दिवसाला २८ रुपये, महिन्याला ८४०. टपरीचे वीस रुपयांचे पोहे बंद झाले की त्यातले बरेचसे तिथेच निघतात. तर्री-पोहे सोडायला लावणं हे मात्र नागपुरात सोपं काम नाही. रविवारी मुभा दिली.

१६ नोव्हेंबर

काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, एवढी डाळ टाकली त मले परवडन का? अन् पोट्टे म्हणतीन, काकू वरणात पाणी काऊन नाही टाकत."

परवडण्याचं मिटवलं. वाढीव पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला आगाऊ, आणि किराणा मी इतवारीतून एकदम आणून द्यायचा. वरणाची दुसरी अडचण खरी निघाली. घट्ट वरण मोठ्या गंजात बुडाला लागलं आणि अख्खी दुपारची डाळ करपट झाली. ८८० ग्रॅम डाळ गेली, वर पोरांची चिडचिड. आता डाळ कुकरमध्ये पूर्ण शिजवून, रवीने घोटून मग फोडणीला घालतात. घोटल्यामुळे डाळ तळाला बसत नाही आणि पहिल्या-शेवटच्या पंगतीचा फरकही गेला. अर्धी तूर, अर्धी चणाडाळ केल्यावर भावही खाली आला.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. पोरं गावी. मेस बंद.

२४ नोव्हेंबर

काटोलचा पोरगा मतदानाहून येताना घरचं सोयाबीन घेऊन आला, अर्धं पोतं. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात त्याच्याही खाली मागणी. "बाबा म्हणाले, विकण्यापेक्षा पोट्ट्यांनी खाल्लेलं बरं."

काकूंनी रात्रभर भिजवून सकाळी मटकीसारखी उसळ केली. दाणा दाताखाली टणक होता. दुपारी सगळ्यांनी वाटीभर खाल्ली. संध्याकाळच्या सरावाला अर्धी पोरं पोट धरून बसली, काहींना जुलाब. पुढचा दिवसही तसाच गेला.

कारण ठाऊक असलं तर हे टळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं स्नायूत जाऊन बसत नाही. जठरातलं आम्ल त्याची घडी उलगडतं, पेप्सिन हे पाचकद्रव्य तोडायला सुरुवात करतं. पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन आणि इतर पाचकद्रव्यं त्याचे बारीक तुकडे करतात. सुटी अमिनो आम्लं आणि त्यांच्या दोन-तीनच्या जोड्या आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि रक्तातून आधी यकृतात पोचतात. आतडं आणि यकृत आपला वाटा आधीच काढून घेतात. उरलेलं स्नायूंना मिळतं. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या सोयाबीनमध्ये त्या ट्रिप्सिनलाच अडवणारे घटक असतात. दाण्यात ४० टक्क्यांच्या जवळपास प्रथिन असूनही ते तुटत नाही, म्हणजे मिळत नाही. शिवाय सोयाबीनमधल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर ताव मारतात आणि गॅस होतो.

उपाय उष्णतेचा. दहा-बारा तास भिजवायचं, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात कुकरला दाणा बोटाने सहज चेपेपर्यंत शिजवायचं. तरी उसळीची इच्छा कुणालाच उरली नव्हती. म्हणून दुसरी वाट धरली. सोयाबीन खमंग भाजून, दहा किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात चक्कीवर दळून आणलं. पहिल्या दळणात भाजणं कमी पडलं, पोळीला कच्चट वास येत होता आणि पोळ्या वातड झाल्या. दुसऱ्या वेळी दाण्याची साल तडकेपर्यंत भाजलं, कणीक सैल भिजवून अर्धा तास ठेवली. आता कुणाला कळतही नाही. आठ पोळ्यांमागे सहा ग्रॅमची भर पडते. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ती उणीव सोयाबीन भरतं.

सोयाबीन वडीची गोष्ट वेगळी. ती कारखान्यात उष्णता देऊनच बनते, तिचा त्रास झाला नाही. फक्त उकळून, पिळून, ते पाणी टाकून मग रश्श्यात घालायची.

२ डिसेंबर

वजन घेतलं. बहुतेकांचं किलोभर वाढलेलं. पोरं खूश.

मी त्यांना वहीत स्नायू म्हणून काहीच लिहू दिलं नाही. एक किलो स्नायूत सुमारे पाऊण किलो पाणी असतं आणि प्रथिन साधारण २०० ग्रॅम. इतक्या थोड्या दिवसांत आलेलं किलोभर वजन हे बहुतेक पाणी आणि स्नायूंत साठलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा. पोटभर जेवायला आणि वजन उचलायला लागल्यावर हे होतंच.

एका पोराने चांगला प्रश्न केला. किलोभर स्नायूला २०० ग्रॅमच लागतात, तर रोज नव्वद खाऊन तीन दिवसांत किलो का वाढत नाही? शरीर रोज स्वतःचंच अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिन मोडतं आणि पुन्हा बांधतं. आतड्याचं अस्तर, रक्तातली प्रथिनं, पाचकद्रव्यं, स्नायू, सगळंच. मोडलेल्यातलं बरंचसं पुन्हा वापरलं जातं, काही जळून जातं आणि त्याचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून निघून जातो. ती तूट आधी भरायची. शिवाय चरबीला साठायला जागा आहे, साखरेलाही थोडी आहे. प्रथिनांची अशी कणगी शरीरात कुठेच नाही. लागलं तेवढं बांधकामाला, बाकीचं इंधन. दिवसाअखेर बांधलेलं मोडलेल्यापेक्षा चार-दोन ग्रॅम जास्त भरलं तरी ती मोठी कमाई. महिन्याला पाव-अर्धा किलो खरा स्नायू चढला तर नव्या पोराने समाधान मानावं.

५ डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार

काकू गुरुवारी अंडं घरात आणू देत नाहीत आणि त्यांचं घर आहे, त्यांचं चालणार. पोरांतही सात-आठ जण महिनाभर अंडं खाणार नाहीत.

काकूंनी गोळाभात केला. चणाडाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद, तेलाचं मोहन, त्याचे गोळे वळून शिजत आलेल्या भातात ठेवले आणि वाफेवर होऊ दिले. वाढताना गोळा भातात फोडून वरून गरम तेलाची लसूण-मोहरीची फोडणी. मी भरडा मोजून घेतला होता, माणशी ५० ग्रॅम. दहा-साडेदहा ग्रॅम प्रथिनं नुसत्या गोळ्यांतून, आणि पोरांनी मागून मागून खाल्लं.

तांदळात लायसिन कमी, गंधकयुक्त अमिनो आम्लं बऱ्यापैकी. चण्यात बरोबर उलटं. दोन्ही एका ताटात आली की स्नायूला सगळं मिळतं. एकही अमिनो आम्ल तोकडं पडलं तर बाकीची असूनही बांधणी तिथेच अडते. तेव्हा डाळ-भात, झुणका-भाकर, पाटवडी, कढी-गोळे ही आपल्याकडची जेवणं चांगलीच आहेत. फक्त त्यात डाळीचा वाटा वाढवा. ज्वारीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यात लायसिन फार कमी असतं आणि शिजवल्यावर तिचं प्रथिन जरा कमीच पचतं. भाकरीबरोबर ठेचा-कांद्यावर भागवू नका, झुणका हवाच.

गुरुवारसाठी गोळाभात आणि रात्री दही, हे आता पक्कं.

११ डिसेंबर

महिना झाला. खाणं सगळ्यांचं सारखं, पण मांडीचा घेर काहींचाच वाढला. वही उलगडून बघितलं तर फरक सरावात होता. पाच जण फक्त धावत होते. १६०० मीटरची वेळ सुटेल या भीतीने वजन उचलण्याच्या दिवशी दांडी मारत होते. त्यांचा घेर जिथल्या तिथे.

स्नायू वाढवा असा हुकूम जेवण एकटं देत नाही. स्नायूवर भार पडतो तेव्हा त्याच्या पेशींत बांधणीची यंत्रणा जागी होते आणि साधारण एक-दोन दिवस जागी राहते. त्या वेळात रक्तातून अमिनो आम्लं आली की ती उचलली जातात. ल्युसिन हे अमिनो आम्ल तर सामान असण्याबरोबर इशाराही आहे. ते पुरेसं आलं की एमटॉर नावाचं प्रथिन बांधकाम चालू करतं. एका जेवणात दोन-तीन ग्रॅम ल्युसिन हवं. ते साधारण २५-३० ग्रॅम मिश्र प्रथिनांतून मिळतं. नुसतं खाल्लं तरी बांधणी दोन-तीन तास वाढते, मग उतरते. भार दिलेल्या स्नायूत ती जास्त वाढते आणि जास्त टिकते.

जिमची फी बहुतेकांना झेपत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून दुहेरी शिवली, २० आणि ३० किलोची. ती खांद्यावर घेऊन बैठका, एका पायाने पायरी चढणं, मैदानावरच्या लोखंडी दांड्यावर पुलअप, जोर. पहिली दोन पोती शिवणीतून उसवली, तिसऱ्यात आतून प्लॅस्टिकची जाड पिशवी घातली. पोती आणि वाळू मिळून ४०० रुपये. आठवड्यातून दोनदा पाय, दोनदा वरचं अंग. शेवटच्या दोन बैठका खरोखर कठीण गेल्या पाहिजेत, नाहीतर तो भार नव्हे.

१९ डिसेंबर

हिवाळी अधिवेशन चालू आहे. चार पोरं मंडपवाल्याकडे रोजंदारीला गेली, ५०० रुपये दिवस. पहाटे सराव, दिवसभर बांबू-लोखंड वाहणं, दुपारी समोसा, रात्री दहाला ताट झाकून ठेवलेलं थंड जेवण, तेही अर्धं टाकून झोप. आठवड्यात दोघांचं वजन दीड-दीड किलोने उतरलं.

त्यांची अंडी आणि सोयाबीन चालूच होतं, पण एकूण अन्न कमी पडलं की शरीर तेच प्रथिन जाळून इंधनाला वापरतं. पोळी-भात आणि तेल कमी करून नुसती प्रथिनं वाढवणं बारीक पोराला काही कामाचं नाही. त्यांना दुपारसाठी डबा दिला, सहा पोळ्या, झुणका, गूळ-शेंगदाणे. रोजंदारी सोडा असं मी म्हणू शकत नाही, त्यातून मेसचे पैसे येतात. त्या आठवड्यात पोती उचलणं बंद ठेवलं.

८ जानेवारी २०२५

गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवसापासून अंड्यांना कुणी हात लावेना. दोन ट्रे तसेच पडून.

अंडं आत बलक घट्ट होईपर्यंत उकडलं की तो विषाणू टिकत नाही. उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं, घड्याळ लावून. कवच हाताळल्यावर हात साबणाने. एवढं करून काकूंनी स्वतः पोरांसमोर एक खाल्लं तेव्हा पोरं बसली.

याच निमित्ताने हिंगणघाटच्या पोराची दुधात कच्ची अंडी फोडून पिण्याची सवय बंद करता आली. त्याच्या आखाड्यात तसंच शिकवलेलं. कच्च्या अंड्यातलं प्रथिन जेमतेम निम्मं पचतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास. रोज चार कच्ची पिऊन त्याला दोनचाच लाभ होत होता, आणि जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच.

१४ जानेवारी

संक्रांत. ओल्या तुरीच्या शेंगा बाजारात भरपूर. रोज सोले-वांगी. कोवळ्या सोल्यांत पाणी जास्त, त्यामुळे वाळल्या डाळीइतकं प्रथिन वजनाला भरत नाही. डाळीचं माप तसंच ठेवलं.

२२ जानेवारी

उमरेडचा पोरगा सकाळची अंडी साठवून रात्री सहा एकदम खायचा. त्याला कुणीतरी सांगितलं की एका वेळी ३० ग्रॅमच्या वर वाया जातं, त्यावरून खोलीत भांडण.

वाया जात नाही. मोठं जेवण हळूहळू पचतं आणि त्याचा वापर जास्त तास चालू राहतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२३मध्ये व्यायामानंतर १०० ग्रॅम एकदम देऊन हेच दाखवलं. दिवसाची बेरीज आधी, वाटणी नंतर. पण या पोराचा सराव पहाटे सहाला आणि त्यानंतर दुपारी एकपर्यंत पोटात चहा-टोस्ट. रात्रीपासूनची उपासाची स्थिती, ज्यात मोडणं बांधण्याच्या पुढे असतं, ती विनाकारण सात तास लांबते. अंडी सकाळी खायला लावली. व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत खाल्लंच पाहिजे असंही काही नाही, तासा-दोन तासांत नाश्ता झाला तरी चालतं.

६ फेब्रुवारी

एक नवा पोरगा आला. बोलता बोलता कळलं, त्याला जन्मापासून एकच किडनी आहे. त्याला जेवणाच्या या योजनेत घेतलं नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवलं. निरोगी किडनीला इतक्या प्रथिनाने इजा होते असं दिसत नाही, पण आधीच दुखणं असेल तर युरिया बाहेर टाकण्याचा जादा भार तिला नको. नवीन पोराचं नाव लिहिताना हा प्रश्न आता सर्वांत आधी विचारतो. किडनीचा आजार, एकच किडनी, मुतखडा, मधुमेह. चार शब्द, एक मिनिट.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सगळ्यांचा उपास. साबुदाण्यात प्रथिन नावालाच. काकूंनी खिचडीत दाण्याचं कूट दुप्पट घातलं, बरोबर भगर-आमटी आणि वाटीभर दही. चाळीस ग्रॅमपर्यंत गेलं. एक दिवस कमी पडल्याने स्नायू उतरत नाहीत, पोरांनी काळजी करू नये.

९ मार्च, रविवार

चार महिन्यांची मोजणी. जे नियमित जेवले आणि पोती उचलत राहिले, त्यांचं वजन दोन ते तीन किलोने वाढलं, मांडी दोन-अडीच सेंटिमीटरने, कंबर जवळजवळ तीच. पहिला पाण्याचा किलो वजा केला तरी उरतं ते खरं. गोळा सगळ्यांचाच पुढे गेला, दोघांचा मीटरभर. त्यात तंत्राचा वाटा मोठा आहे, सगळं श्रेय जेवणाला देणार नाही. फक्त धावणाऱ्या पाचांतले तिघे डिसेंबरनंतर पोत्यांवर आले, त्यांची मांडी आता कुठे वाढायला लागली आहे. उरलेल्या दोघांची अजून नाही. मंडपाच्या कामावर वजन उतरलेले दोघे आता नोव्हेंबरच्या वजनाच्या वर आले, पण त्यांचा महिना गेला.

शाकाहारी पोरं मागे पडली नाहीत, हे लिहून ठेवण्यासारखं. त्यांना अंड्यांऐवजी सकाळी फुटाणे ६० ग्रॅम आणि संध्याकाळी शेंगदाण्यांबरोबर दही दिलं होतं.

भरतीची जाहिरात अजून आलेली नाही. सराव चालू.

ऊन चढायला लागलंय. शिजवलेली सोयाबीन वडी आता दुपारनंतर आंबते, म्हणून ती सकाळीच भिजवून ठेवायची नाही, रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी उकळायची. उकडलेली अंडी मैदानावर डब्यात नेणं बंद, मेसमध्येच खायची. सोयाबीन घातलेलं पीठ एप्रिल-मेमध्ये लवकर खवट होईल, तेव्हा दळण महिन्याचं न आणता आठवड्याचं. आणि सगळ्यांनी पाणी जास्त प्यायचं.

बावीस जणांचं दिवसाचं माप, काकूंच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं, तसंच उतरवतो. अंडी ४४. फुटाणे ९०० ग्रॅम. डाळ दुपारची ८८० ग्रॅम, अर्धी तूर अर्धी चणा. शेंगदाणे ६६० ग्रॅम. सोयाबीन वडी ६६० ग्रॅम, कोरडी मोजून. गोळाभाताच्या दिवशी भरडा १,१०० ग्रॅम. खाली काकूंनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे : वाटी नाही, काटा.